फोनमधली माणसं उतरवणारी

आमच्या कारखान्यातल्या हजेरीच्या मशीनने द्रुपदाकाकीला कधीच ओळखलं नाही. बोट ठेवलं की लाल दिवा. दुसरं बोट ठेवलं, पुन्हा लाल दिवा. दहाही बोटं करून झाली की काकी हात पदराला पुसायची आणि म्हणायची, "याच्या मतानं मी जन्मलीच नाय." मग वॉचमन तिच्यासाठी वेगळी ठेवलेली वही पुढे करायचा.

तिची बोटं मी पहिल्यांदा जवळून पाहिली तेव्हा मला कसंतरीच झालेलं. टोकांवर रेषाच नव्हत्या. ओढ्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत, किंचित चकाकणारी कातडी. तिने माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिला, तिची बोटं माझ्या बोटांना लागली आणि वाटलं, कुणीतरी रबरी हातमोजा घालून हात लावला. असं कशाने झालं हे विचारायचं धाडस मला दोन वर्षं झालं नाही.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या पहिल्या मजल्यावर आमचं काम चालायचं. लोकांनी दुकानात बदलून दिलेले, ऑफिसांनी काढून टाकलेले मोबाइल क्रेटमधून आमच्याकडे यायचे. ते चार्ज करायचे, तपासायचे, बॅटरी किंवा काच बदलायची, आतली माहिती कायमची पुसायची आणि कोऱ्या डब्यात घालून पुन्हा विकायला पाठवायचे. बाहेर पाटीवर 'रिफर्बिश्ड' लिहिलेलं होतं. काकीच्या तोंडी तो शब्द बसायचा नाही. ती त्या फोनांना 'फिरून आलेले' म्हणायची.

माझं काम शेवटच्या टेबलावर, तयार फोनची तपासणी. काकी पहिल्या टेबलावर. कुठला फोन जगणार आणि कुठला भंगारात जाणार हे आधी ती ठरवायची आणि मग पुसायचं कामही तिच्याकडेच होतं. वय पंचावन्नच्या आसपास, सडपातळ, केसांचा घट्ट अंबाडा, साडीवर कारखान्याचा निळा कोट. दिवा स्टेशनच्या पुढच्या एका खाडीकाठच्या आगरी गावातून ती यायची. सगळ्यांना अरेतुरे करायची, अगदी मॅनेजर केतनसरांनाही. "सायेब, तू आधी पानी पी," असं ती म्हणाली की घोडबंदर रोडवरून दोन तास ट्रॅफिकमध्ये अडकून आलेले केतनसर मुकाट्याने पाणी प्यायचे.

फोन हातात घेतला की ती आधी त्याच्या पाठीवर हाताची मागची बाजू ठेवायची, आपण पोराचा ताप बघतो तशी. मग तो कानाशी धरायची. बंद फोन कानाशी धरून ती काय ऐकायची कुणास ठाऊक, पण "हा चालेल" म्हणाली की तो चालायचाच. आमच्याकडची यंत्रं ज्याला मेलेला म्हणायची असे कितीतरी फोन तिने उठवले. "मेला नाय रे, निजलाय," म्हणायची आणि कुठलीशी बारीक पट्टी साफ करून पुन्हा बसवायची.

फोन सुरू होताना ती तो टेबलावर पालथा घालायची. उजेड पडला की पडद्यावर आधीच्या मालकाचा फोटो येतो, तो तिला बघायचा नसायचा. "ज्याला पुसायचा त्याचं तोंड बगू नये," असं तिने मला एकदा सांगितलं. आणि पुसायचं बटण दाबायच्या आधी ती दर फोनला हळूच म्हणायची, "चला, उतरा."

दिवसाला शंभर-दीडशे फोन व्हायचे. तेवढ्या वेळा चला, उतरा. नवीन आलेल्या मुली आधी हसायच्या. मग एक-दोन महिन्यांत त्याही तिच्या टेबलाजवळून जाताना आवाज कमी करायच्या. एखादी तर उगाच वाट सोडून उभी राहिलेली मी पाहिलीय, जणू टेबलावरून कुणी उतरून दाराकडे जाणार होतं.

नव्या माणसाला केतनसर पहिल्या दिवशी एक छोटं भाषण द्यायचे. नवा फोन आपल्या हातात येतो तोवर त्याने करायचं ते बहुतेक नुकसान करून झालेलं असतं, असं ते सांगायचे. खाणी खणल्या जातात, नद्यांचं पाणी लागतं, भट्ट्या पेटतात, माल अर्ध्या जगावरून फिरतो. आपण घरी चार्जिंगला जाळतो ती वीज त्यापुढे किरकोळ. म्हणून बनलेला फोन जितकी वर्षं जास्त चालेल तितकं चांगलं. हे सगळं ते लॅपटॉपवर चित्रं दाखवून सांगायचे. काकी मागे उभी राहून ऐकायची आणि भाषण संपलं की त्या नव्या मुलीला आपल्या भाषेत समजवायची, "नवा फोन म्हंजे मागं कुठंतरी खड्डा पडलाच. तो काय आता बुजत नाय. फोन तरी चालव."

एकदा एक फोन तिने पुसला नाही.

साधा, जुना फोन होता, मागे तुळशीच्या पानांचं चित्र असलेलं कव्हर. मालकाचं सिमकार्ड काढायचं राहून गेलेलं. असं झालं तर कार्ड काढून नष्ट करायचं असा नियम. पण काकीने तो फोन तसाच चार्जिंगला लावून आपल्या खणात ठेवला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर म्हणाली, "यातला मानूस अजून उतरला नाय."

मला वाटलं, तिचं नेहमीचं चाललंय. पण त्याच संध्याकाळी सहाला तो खण थरथरायला लागला. काकी हातातलं काम थांबवून नुसती बघत राहिली. फोन वाजून वाजून बंद झाला. पडद्यावर नाव होतं, 'घर'.

"कालबी सहाला आला," काकी म्हणाली. "बरोबर सहाला."

"मग उचल ना."

तिने मान हलवली. तिसऱ्या दिवशी मीही सहाच्या सुमारास तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. वाजला. 'घर'. पाचव्या दिवशी मजल्यावरचे सगळेच घड्याळाकडे बघायला लागले. खण लाकडी होता, त्यामुळे तो आवाज कुणीतरी आतून दार ठोठावल्यासारखा यायचा.

आठव्या दिवशी काकीने मला बोलावलं. खण उघडला आणि वाजता फोन माझ्या हातात दिला. "तू बोल. बाईचा आवाज नको."

मला तेव्हा समजलं नाही. फोन उचलून हॅलो म्हटलं. पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास. मग एका म्हाताऱ्या माणसाचा, फार सावकाश आवाज आला, "आपण कोण बोलता?"

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. ठाण्याहून, टेंभी नाक्याजवळ राहणारे, पांढरा शर्ट नीट इस्त्री केलेला. बायको जाऊन दोन महिने झालेले. सुनेने घर आवरताना फोन दुकानात बदलून टाकलेला, तिचीही काही चूक नव्हती. फोनचा जुना डबा त्यांनी सोबत आणलेला. केतनसरांनी डब्यावरचा नंबर जुळवून पाहिला, सही घेतली. काकीने फोन पदराने पुसून त्यांच्या हातात दिला.

"मला माहीत होतं ती उचलणार नाही," ते म्हणाले. "फक्त वाजतो का ते बघायचो. वाजतोय म्हणजे कुठेतरी आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "काल उचलला गेला तेव्हा एक क्षण मी... बरं झालं, पुरुषाचा आवाज होता."

ते गेल्यावर मी काकीकडे बघितलं. ती पुढचा फोन पालथा घालत होती.

त्या दिवाळीत मी नवा फोन घेतला. माझा जुना व्यवस्थित चालत होता. वरच्या कोपऱ्याला एक चरा सोडला तर त्याला काहीही झालेलं नव्हतं. पण दुकानात जुना द्या, नवा न्या असं चाललेलं, बायको म्हणाली घेऊन टाक, आणि मी घेतला. काकीच्या नजरेतून काही सुटायचं नाही. डबा खाताना तिने विचारलं, "जुना कुठं जेला?"

"पुतणीला दिला," मी म्हणालो. का खोटं बोललो ते आजही नीट सांगता येत नाही. ती "बरा केलास" म्हणाली आणि भाकरी मोडायला लागली.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी एक मोठी गाडी आली. शीळफाट्याच्या गोडाउनमधून आलेले क्रेटच्या क्रेट, मागच्या खोलीत भिंतीला लावले तर खिडक्या झाकल्या गेल्या. सगळे सणात बदलून आलेले फोन. पण या वेळी काम वेगळं होतं. ज्या कंपनीने ते पाठवलेले, तिला ते पुन्हा बाजारात यायला नको होते. स्वस्तात जुना चांगला फोन मिळाला तर नवा कोण घेणार? म्हणून हुकूम असा, की प्रत्येक फोन सुरू करून त्याचा नंबर पडद्यावरून टिपायचा, आणि मग चांगला असो की वाईट, मशीनमध्ये घालून चुरा करायचा. चुरा केल्याचा दाखला द्यायचा.

काकीने आधी ते ऐकलंच नाही असं केलं. मग केतनसरांना विचारलं, "पुसायचे कधी?"

"पुसायचे नाहीत काकी. चुराच होणार आहे."

"म्हंजे मानसं आतच?"

केतनसर हसले, पण ते हसणं अर्धवट राहिलं. चुऱ्याचं काम बाहेरच्या ठेकेदाराच्या माणसांकडे होतं. मशीनही मागच्या खोलीतच. दोन दिवस आम्ही फोन चार्ज करून, सुरू करून, नंबर टिपून पुढे सरकवत होतो. नंबर टिपलेले फोन पुन्हा क्रेटमध्ये, सुरूच्या सुरू. वेळ वाचवायला ठेकेदाराची माणसं बॅटऱ्यासुद्धा काढत नव्हती. काकी आपल्या टेबलावर बसून होती. तिने त्यातला एकही फोन हातात घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मशीन सुरू झालं, ते बघायला आम्ही सगळे मागे गेलो. पहिला क्रेट ओतला गेला. दात फिरत होते, काच कडकडत होती. आणि बरोबर तीन वाजता मागच्या क्रेटमधून आवाज यायला लागले.

आधी एक, घंटीसारखा. मग दुसरा. मग एकदम तीस-चाळीस. लोकांनी फोन देताना अलार्म बंद केलेले नव्हते. कुणाची शाळा सुटायची वेळ, कुणाच्या औषधाची, कुणाच्या सोसायटीत पाणी यायची. आरत्या, गाणी, पाखरांचे आवाज, एका क्रेटच्या तळातून लहान मुलीचा आवाज, "आजी, गोळी घे... आजी, गोळी घे..." भिंतीला लावलेल्या सगळ्या ढिगात फटीफटीतून उजेड लुकलुकत होता. झाकल्या खिडक्यांमुळे खोलीत अंधारच होता, आणि त्या उजेडात आम्ही एकमेकांचे चेहरे बघत उभे. मशीनमध्ये पडलेला एक फोन चिरडला जाईपर्यंत वाजत होता. तो थांबला तो मध्येच, सुराच्या अर्ध्यात.

ठेकेदाराच्या माणसाने हातातला क्रेट खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला.

काकी चालत गेली आणि तिने भिंतीवरचं लाल बटण दाबलं. मशीन थांबलं. अलार्म चालूच. ती क्रेटमधून फिरायला लागली, एकेका क्रेटवर कान लावत. एका ठिकाणी वाकली, कोपरापर्यंत हात घातला आणि एक वाजता फोन बाहेर काढला. तो घेऊन ती माझ्याकडे आली. वरच्या कोपऱ्याला चरा.

"घे," ती म्हणाली. "पुतनीचा."

मी तो बंद केला. मला तिच्याकडे बघता आलं नाही. त्या ढिगात माझा फोन तिला कसा सापडला, हे मी तिला नंतरही विचारलं नाही. मी दोन वर्षं तीनच्या चहाला तिच्यासमोर तोच अलार्म बंद करायचो, तो सूर तिच्या कानात बसला असेल, अशी मी माझी समजूत घातलीय.

केतनसर धावत आले. "काकी, मशीन का बंद केलं? दाखला द्यायचाय मला. हे काम गेलं तर इथल्या निम्म्या लोकांना घरी बसावं लागेल."

"बस, सायेब," काकी म्हणाली. आणि क्रेटवर स्वतः बसली. तिने आपले दोन्ही हात त्यांच्यासमोर उलटे धरले. "हे बग. तुजी मशीन मना वलखत नाय ना? हे, माजे मालक, जुने फोन घ्यायचे. पोती भरून. परसात पत्र्याची शेड होती. फोडायचे आनि आतली हिरवी पट्टी तेजाबात टाकायचे. सोना निघतो त्याच्यातनं. मोहरीयेवढा. मी ढवलायची. बोटं जेली ती तवा. मग परसातली शेवग्याची झाडं जेली. विहिरीतले बेडूक जेले. मग हे जेले, खोकत खोकत. सा महिने."

एक-दोन फोन अजून वाजत होते.

"जो फोन चालतो तो कुनी फोडत नाय," ती म्हणाली. "बंद पडला, चुरा झाला, का तो कुनाच्या तरी परसात जातो. तू कागद देशील. चुरा कुठं जानार त्याचा कागद हाय तुज्याकडं?"

केतनसरांनी मोबाइल काढला आणि बाहेर गॅलरीत गेले. काचेतून दिसत होतं, ते हात हलवून कुणाला तरी पटवत होते. एकदा, दुसऱ्यांदा. आत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. समोरचा माणूस ऐकत नव्हता. संध्याकाळपर्यंत ते केबिनमध्ये बसून राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो सगळा माल, चुरा झालेला एक क्रेट सोडून, परत पाठवला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते फोन पुढे दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्यात चिरडले गेले असणार, हे सगळ्यांना माहीत होतं. काकीलाही. गाडी गेटबाहेर पडताना ती माझ्या शेजारी जिन्यात उभी होती. मी म्हणालो, "काकी, उपयोग काय झाला?"

"आपन नाय केला, येवढाच," ती म्हणाली.

केतनसरांनी सांगितलेलं खोटं नव्हतं. त्या पार्टीने मग आम्हाला काही पाठवलं नाही आणि दोन महिन्यांत माणसं कमी करायची वेळ आली. यादी करायला केतनसर बसले, तेव्हा काकीने जाऊन आपलं नाव पहिलं लिहायला लावलं. "माज्या हजेरीचा तसाही तुमच्याकडं पुरावा नाय," म्हणाली. निघताना तिने निळा कोट घडी करून टेबलावर ठेवला. तिच्या जागी एक मशीन आलं. एका वेळी वीस फोन पुसतं, आवाज न करता.

तिला मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, भाद्रपदात. ती आजारी असल्याचं कळलेलं. दिव्याहून रिक्षा केली आणि बांधाशी उतरून चालत गेलो. खाडीला भरती होती. पलीकडे कुठेतरी कचरा जळत होता आणि धुराचा पट्टा पाण्यावर आडवा पसरलेला, हलत नव्हता. गावात पोचलो तर सगळं हिरवं झालेलं, कुंपणं, कौलं, बंद पडलेला एक टेम्पोसुद्धा वेलींनी झाकलेला.

काकी घरात नव्हती. सून म्हणाली, "मागं बसल्यात. घरात बसतच नाय." मी घराला वळसा घालून मागे गेलो.

परसात गवत कमरेएवढं वाढलेलं. आणि त्याच्या मधोमध एक गोल मोकळा होता, खोलीएवढा, तिथे गवताचं एक पातंही नव्हतं. नुसती करडी, फुगलेली माती. त्या गोलात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून काकी बसली होती, मांडीवर ताट, ताटात कुणाचा तरी उघडलेला फोन. गावातले लोक आणून द्यायचे. खूप वाळली होती. श्वास घेताना खांदे वर जायचे.

"शेड हितं होती," माझी नजर बघून ती म्हणाली. "पंदरा वर्सं जाली. काय येत नाय."

"मग इथे कशाला बसतेस काकी?"

"साप नाय येत. मुंगीपन नाय. काम करायला बरा." तिने मान वर केली. "वरून पाखरूबी जात नाय, बग. घरावरनं जातात, हितं आली का वलसा घालतात."

मी वर पाहिलं. आभाळ मोकळं होतं.

आम्ही तासभर बोललो. तिने कारखान्यातल्या एकेकाची चौकशी केली, केतनसरांच्या मुलाची केली. सुनेने चहा आणला तो गोलाच्या कडेला उभी राहून दिला, आत आली नाही. मीच उठून घेतला. उजेड कमी व्हायला लागला तसा मी निघालो. काकीने हात वर केला आणि लगेच पुन्हा ताटातल्या फोनवर वाकली.

बांधावर चढल्यावर मी मागे वळून पाहिलं. खाडीवरून वारा सुटलेला, परसातलं सगळं गवत एका बाजूला झुकून सळसळत होतं, कुंपणावरचे वेल, शेजारच्या घरावरचं प्लॅस्टिक, सगळं. मधल्या त्या गोलात काहीच हलत नव्हतं. काकीचा पदरही नाही.